कुत्रा बूड घासतोय? दरवेळी जंतच असतील असं नाही
कुत्रा फरशीवर बूड घासत सरकू लागला की अनेक जण थेट जंताचं औषध आणतात. बऱ्याचदा त्रास वेगळाच असतो. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या ४ आणि ८ च्या जागी, दोन छोट्या पिशव्या असतात. त्यातला उग्र वासाचा द्रव शी करताना दाबानं बाहेर पडतो. शी सतत पातळ होत असेल तर पुरेसा दाब पडत नाही. द्रव घट्ट होतो, पिशवी तुंबते, कधी पू होऊन फुटते. व्हिडिओ पाहून घरी पिळायला जाऊ नका, आधी पशुवैद्यांना दाखवा.

माणसाला अशा पिशव्या नसतात, पण गुदमार्गात सूक्ष्म ग्रंथी असतात. त्या तुंबून गळू झालं तर पुढे भगंदर होऊ शकतं. आणि ते मूळव्याध समजून अनेक जण नुसतं मलम लावत राहतात.