नियम मोडणारे मोकळे, मग आपणच का पाळायचे? साथीच्या काळातला राग आणि आपले आरोग्य

‘मोठ्या लोकांनी नियम मोडले तर चालते, आम्ही मोडले की दंड.’ कोविडच्या काळात हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, कदाचित बोललाही असाल. त्याच्या मागोमाग दुसरे वाक्य येते: ‘मग लस तरी कशाला घ्यायची?’ पहिल्या वाक्यात तथ्य आहे, पण त्यातून दुसरे निघत नाही. साथ ओसरली तरी ही दोन वाक्ये अनेक घरांत एकत्रच बोलली जातात आणि त्याचा तोटा बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला होतो. म्हणून ती वेगळी कशी करायची, ते या लेखात समजून घेऊ.

नागावसारख्या गावाला नियम जास्त का टोचले?

अलिबाग–रेवदंडा रस्त्यावरचे नागाव हे नारळी-पोफळीच्या वाड्यांचे आणि पर्यटकांवर चालणारे गाव आहे. शनिवार-रविवारची गर्दी, घरगुती खोल्या, खाणावळी, किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स यांवर अनेक कुटुंबांचा महिना चालतो. २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला आणि ऐन हंगामात हे सगळे थांबले. पुढे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाड्या आडव्या झाल्या, घरांवरची कौले-पत्रे उडाले. ‘अंतर ठेवा’ असे सांगितले जात होते त्याच दिवसांत लोकांना निवाऱ्यासाठी आणि पडलेली झाडे उचलण्यासाठी एकत्र यावे लागले.

त्यानंतर गणपती आले. त्या वर्षी कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांसाठी दहा दिवसांचे विलगीकरण ठरले. एसटीने येणाऱ्याला ई-पास नको, खासगी गाडीने येणाऱ्याला मात्र हवा. घरगुती मूर्ती दोन फुटांची, सार्वजनिक चार फुटांची. गावात राहणाऱ्याला मुंबईहून येणाऱ्याची भीती वाटत होती आणि येणाऱ्याला आपल्याच घराच्या दारात परके झाल्यासारखे वाटत होते. दोघांचेही वाटणे खरे होते.

नियम सर्वांना सारखाच असला तरी त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याचा पगार चालू होता त्याला घरी बसणे जड गेले असेल, पण ज्याचा रोजचा गल्ला बंद झाला त्याचे पोटच अडले. अशा माणसाला नियम मोडणारा बडा माणूस दिसला की त्याचा संताप होणारच.

मोठ्यांनी नियम मोडले तेव्हा काय झाले?

महाराष्ट्रात गाजलेली घटना एप्रिल २०२० मधली. जिल्हाबंदी कडक असताना वाधवान कुटुंबातले आणि त्यांच्यासोबतचे मिळून २३ जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले. त्यांच्याकडे गृह विभागाचे तेव्हाचे प्रधान सचिव (विशेष) अमिताभ गुप्ता यांचे पत्र होते. स्थानिक प्रशासनाने या सर्वांना पाचगणीत विलगीकरणात ठेवले आणि गुप्ता यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. पुढे ते सेवेत परतले आणि सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. आजारी आईला भेटायला जाण्यासाठी पास मिळत नव्हता अशा माणसाला ही बातमी वाचून काय वाटले असेल, ते सांगायला नको.

हे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरीन कॅल्डरवूड लोकांना ‘घरीच राहा’ असे सांगत होत्या आणि स्वतः मात्र समुद्रकाठच्या आपल्या दुसऱ्या घरी जाऊन आल्या. त्यांना एप्रिल २०२० मध्ये राजीनामा द्यावा लागला. ब्रिटनच्या पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लॉकडाऊनमध्ये लंडनहून कित्येक मैल दूर डरहमला गेले, पण पदावर कायम राहिले.

कमिंग्ज प्रकरणाचा परिणाम संशोधकांनी मोजला. ४० हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांवर आधारलेला हा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑगस्ट २०२० मध्ये आला. ती बातमी फुटल्यानंतर इंग्लंडमध्ये, सरकार साथ नीट हाताळेल यावरचा लोकांचा विश्वास घसरला. स्वतःची वेगळी सरकारे असलेल्या स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तशी घसरण दिसली नाही. म्हणजे अधिकाऱ्याने नियम मोडला की नुकसान त्या एका प्रवासापुरते राहत नाही. पुढचा प्रत्येक सल्ला लोक संशयाने ऐकू लागतात.

हा राग नवा नाही

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गावी गेले. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा. पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोल्जर घरांत, देवघरांत शिरले, लोकांचे सामान जाळले गेले. त्या संतापातून २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षी, १० जानेवारी १८९७ ला, मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. सरकार तेच, साथ तीच. पण घरे उचकटणारा सोल्जर वेगळा, स्वतःला लस टोचणारा शास्त्रज्ञ वेगळा आणि रुग्णाला उचलून दवाखान्यात नेणारी बाई वेगळी. या तिघांना एकाच तागडीत तोलले तर आपण रागावतोही चुकीच्या माणसावर आणि उपयोगाची गोष्टही नाकारतो.

स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

एखाद्या नियमाचा किंवा लसीचा विषय निघाला की हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा:

१. यामुळे माझ्या किंवा माझ्या घरच्यांच्या आजाराचा धोका कमी होतो का? हा वैद्यकीय प्रश्न आहे. तो डॉक्टरांना विचारा.

२. हा नियम सर्वांना सारखा लावला का? हा न्यायाचा प्रश्न आहे. तो ग्रामसभेत, लोकप्रतिनिधीला, गरज पडल्यास न्यायालयात विचारा.

३. सांगणारा स्वतः तसे वागतो का? हा विश्वासाचा प्रश्न आहे. उत्तर ‘नाही’ असेल तर त्या माणसाला जाब विचारा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तरी पहिल्याचे उत्तर बदलत नाही. विषाणूला पास दिसत नाही आणि पदही दिसत नाही. समजा, नागावमध्ये मधुमेह असलेल्या ७० वर्षांच्या आजी आहेत आणि त्यांचा मुलगा सरकारवरच्या रागाने त्यांना लसीच्या दुसऱ्या डोसला नेत नाही. त्या रागाने सरकारचे काहीच बिघडत नाही, धोका फक्त आजींचा वाढतो.

‘नियम सारखे बदलत होते, मग खरे कोणते?’

ही तक्रार बरोबर आहे. सुरुवातीला भर हात धुण्यावर आणि वस्तू पुसण्यावर होता. सामान्य माणसाने मास्क वापरावा की नाही, यावर एकमत नव्हते. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्दीच्या ठिकाणी कापडी मास्क वापरण्याचा सल्ला दिला. पुढे स्पष्ट होत गेले की हा आजार मुख्यतः श्वासावाटे, बंद आणि कोंदट जागेत पसरतो. याचा अर्थ नागावच्या किनाऱ्यावर, मोकळ्या वाऱ्यात, अंतर ठेवून चालण्यात धोका कमीच होता. धोका होता तो खच्चून भरलेल्या गाडीत, खिडक्या बंद केलेल्या खोलीत, लग्नाच्या हॉलमध्ये.

कोविशील्डच्या दोन डोसांमधले अंतरही बदलले: आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८ आणि मे २०२१ मध्ये १२ ते १६. तेव्हा लसीचा तुटवडा असल्यामुळे अनेकांना हे निमित्त वाटले. मात्र अंतर वाढवल्यास या लसीचा प्रतिसाद चांगला मिळतो, असे परदेशी अभ्यासांत दिसले होते. कारण वेळेवर आणि सोप्या भाषेत सांगितले गेले असते तर संशय कमी झाला असता. नव्या आजारात माहिती वाढते तसा सल्ला बदलतो. मात्र बदलाचे कारण विचारणे हा तुमचा हक्क आहे.

मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण कोविनवरच्या नोंदणीने सुरू झाले तेव्हा शहरातल्या लोकांनी ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटापट घेतल्या आणि गावातली माणसे मागे राहिली. गावकऱ्यांचा तेव्हाचा राग लसीच्या विरोधात नव्हता. लस आपल्याला मिळत नाही, याचा तो राग होता.

लसीबद्दल आजही विचारले जाणारे प्रश्न

*लसीमुळे तरुणांना अचानक हार्ट अटॅक येतात का?*
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशातल्या ४७ मोठ्या रुग्णालयांमध्ये १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये धोका कमी होता. धोक्याशी संबंध दिसला तो या गोष्टींचा: कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात अचानक मृत्यू झालेला असणे, अति मद्यपान आणि अचानक केलेला फार जोराचा व्यायाम.

*कोविशील्डने रक्तात गुठळ्या होतात ना?*
फार थोड्या लोकांमध्ये, गुठळ्या होणे आणि प्लेटलेट कमी होणे, असा गंभीर दुष्परिणाम जगभरात नोंदला गेला आहे. तो लपवण्याचे कारण नाही. तो प्रामुख्याने लस घेतल्यानंतरच्या काही दिवसांत ते साधारण सहा आठवड्यांत दिसतो. काही वर्षांपूर्वी डोस घेतला असेल तर आज त्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेऊ नका आणि घाबरून तपासण्याही करू नका.

*आता पुन्हा डोस घ्यावा का?*
सरसकट सर्वांना एकच उत्तर नाही. वय ६० च्या पुढे असेल, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्याच भेटीत फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दलही विचारून घ्या.

घरातले कोणी ऐकत नसेल तर

• आधी त्यांचे पूर्ण ऐकून घ्या. ‘तुम्हाला काही कळत नाही’ असे म्हटले की बोलणे तिथेच संपते.
• रागातले खरे मान्य करा: ‘हो बाबा, त्यांनी चूकच केली.’ मग विचारा: ‘पण त्यासाठी तुमच्या दम्याचा धोका का वाढवायचा?’
• नेमकी भीती कशाची आहे ते शोधा. ताप येईल, रोज बुडेल, सुईची भीती, आधीचा वाईट अनुभव. प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.
• ज्यांच्यावर त्यांचा विश्वास आहे अशा माणसाला सोबत घ्या. गावातल्या आशाताई किंवा नेहमीचे डॉक्टर यांचे म्हणणे टीव्हीपेक्षा लवकर पटते.
• व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आजच्या दिवसात काय पाळावे?

आज कोणी दंड करणार नाही. तरीही सर्दी-खोकला, ताप असेल तर घरातल्या वयस्कर माणसाजवळ जाताना मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा आणि शक्य असल्यास दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत झोपा. घरगुती खोल्या चालवत असाल तर पाहुणे गेल्यावर खोलीला हवा लागू द्या. आजारी असताना स्वयंपाक आणि वाढणे दुसऱ्याकडे सोपवा.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

श्वास लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, वयस्कर माणूस गोंधळल्यासारखे बोलू लागणे, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणे किंवा तीन दिवसांहून जास्त टिकलेला ताप, यांपैकी काहीही असल्यास थांबू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जा.

नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारण्याचा तुमचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही. तो जरूर बजावा. फक्त आई-वडिलांची लस, गोळ्या आणि तपासण्या यांचा निर्णय त्या रागावर सोडू नका. तो तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)