विश्लेषण : ‘रोटी शॉप’मध्ये पोळी-भाजी का मिळत नाही? कॅरेबियन आणि मध्य अमेरिकी हॉटेलांच्या मेन्यूमागे काय दडले आहे?

टोरांटो, न्यूयॉर्क किंवा लंडनला शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला कधी ना कधी ‘रोटी शॉप’ अशी पाटी दिसतेच. पोळी-भाजीच्या आशेने आत शिरावे, तर काउंटरवरून हातात येते कागदात गुंडाळलेले, विटेएवढे जड पुडके. बाहेर डाळीची पूड भरलेली मोठी पोळी आणि आत हाडांसकट मटण, बटाटा आणि रस्सा. मालकाचे आडनाव महाराज किंवा रामप्रसाद असू शकते, पण बोलणे मात्र थेट वेस्ट इंडीजच्या समालोचकांसारखे. अमेरिकेतल्या शहरांत आसपास आणखी एक पाटी दिसते, ‘पुपुसेरिया’. तिथे मक्याची भरलेली भाकरी मिळते आणि मालक बहुधा एल साल्वाडोरचा असतो. जेवण मागवण्याची ॲप या सगळ्यांना ‘कॅरेबियन’ किंवा ‘लॅटिन’ अशा एखाद्या खणात टाकून मोकळी होतात. प्रत्यक्षात यातला जवळपास प्रत्येक पदार्थ कुणाला तरी मजूर म्हणून बोटीत बसवले गेले किंवा जीव वाचवून पळावे लागले, म्हणून तिथवर पोहोचला आहे.

त्रिनिदादच्या रोटीचे मूळ भारतात कसे?

सुनील गावस्कर यांनी १९७१ मध्ये ज्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कसोटी पदार्पण केले, त्याच शहराजवळच्या आखातात ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज पोहोचले. कलकत्त्याहून निघालेल्या या जहाजात सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजूर होते. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली होती आणि उसाच्या मळेमालकांना स्वस्त हात हवे होते. ठरावीक वर्षांच्या करारावर माणसे नेण्याचा हा उद्योग १९१७ पर्यंत चालला. तोवर एकट्या त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय उतरले होते. शेजारच्या गयानात तर हे सत्र १८३८ पासूनच सुरू झाले होते. बहुतेक मजूर आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, भोजपुरी बोलणारे होते.

भाषा पुढच्या पिढ्यांत विरत गेली, पण स्वयंपाकघरातले शब्द टिकले. त्रिनिदादच्या मेन्यूवर आजही ‘आलू’, ‘बैगन’, ‘चना’, ‘दाल’ आणि ‘गीरा’ (म्हणजे जिरे) दिसतात. वांगे भाजून केलेल्या भरताला ‘चोखा’ म्हणतात आणि फोडणी देण्याला ‘चुंके’, म्हणजे आपल्या ओळखीचा छौंक. कोथिंबिरीसारख्या वासाच्या, लांब पानांच्या एका वनस्पतीचे नाव ‘बनधनिया’ आहे. वडिलांच्या आईला तिथे ‘आजी’ म्हणतात, हे ऐकून तर मराठी माणूस क्षणभर थबकतोच. हा शब्द मराठीतून नव्हे, भोजपुरीतून गेला आहे.

रोटीचे मुख्य प्रकार दोन. ‘दालपुरी’ म्हणजे शिजवून बारीक केलेली चण्याची किंवा वाटाण्याची डाळ भरून लाटलेली पातळ पोळी. गूळ न घातलेली तिखट-मीठाची पुरणपोळी म्हटले तरी चालेल, फक्त आकाराने मोठी आणि बरीच लवचिक, कारण तिच्यात रस्सा गुंडाळायचा असतो. दुसरा प्रकार ‘बस-अप-शट’. हे नाव ‘बर्स्ट-अप शर्ट’चा, म्हणजे फाटलेल्या सदऱ्याचा, स्थानिक उच्चार आहे. तूप किंवा बटर लावलेला पदरी पराठा तव्यावरच लाकडी उलथन्यांनी आपटून, फाडून त्याच्या मऊ चिंध्या केल्या जातात. त्या रश्शात बुडवून खायच्या. कोल्हापुरात भाकरी चुरून खाणाऱ्याला हे समजवावे लागणार नाही.

या मेन्यूत आणखी एक ओळखीचा पदार्थ आहे, ‘कलालू’. त्रिनिदादमध्ये तो अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून करतात. तो आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या स्वयंपाकातून आला. अळूचे फदफदे खाऊन वाढलेल्या घरातल्या माणसाला तो परका वाटू नये, मात्र त्यात अनेकदा खेकडा किंवा खारवलेले मांस असते.

‘डबल्स’ हे नाव कसे पडले?

एका ‘बारा’वर दुसरा ठेवला म्हणून. ‘बारा’ म्हणजे मैद्यात हळद आणि यीस्ट घालून तळलेली मऊ, हातभर ताणली जाणारी पुरी. नाव वडा किंवा ‘बडा’वरून आले आहे. दोन बारांमध्ये चण्याचा रस्सा आणि वर चिंचेची चटणी, काकडी, आंब्याचे ‘कुचेला’ लोणचे. त्रिनिदादमध्ये हा सकाळचा नाश्ता आहे. रस्त्यावर उभे राहून, कागद हातावर धरून तो खातात. वडापावशी तुलना होणे साहजिक आहे आणि ती फारशी चुकीचीही नाही.

१९३६ मध्ये प्रिन्सेस टाउन या गावात इमामूल दीन आणि त्यांच्या पत्नीने ही विक्री सुरू केली, असे मानले जाते. आधी एकाच बारावर चणे मिळत. गिऱ्हाईक ‘डबल कर’ म्हणू लागले आणि तेच नाव झाले. मागवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. विक्रेता तिखट किती, असे विचारतो तेव्हा ‘स्लाइट’ म्हणजे किंचित, हे उत्तर तयार ठेवावे. तिथली मिरची स्कॉच बॉनेट जातीची किंवा तिची जवळची नातेवाईक असते आणि आपल्या लवंगी मिरचीच्या बळावर ‘हेवी’ मागणाऱ्यांना पाण्याची बाटली लागतेच.

एका पॅटीवरून कॅनडा सरकारशी वाद का झाला?

जमैकाची पॅटी हा दुसरा हुकमी पदार्थ. अर्धचंद्राच्या आकाराचे, पिवळेधमक, खुसखुशीत आवरण आणि आत मसालेदार खिमा. ब्रिटिशांच्या पेस्टीचा आकार, आफ्रिकी लोकांच्या हाताचे तिखट आणि भारतीय मजुरांबरोबर आलेला हळद-मसाला असा तिचा वंशवृक्ष सांगितला जातो.

१९८५ मध्ये टोरांटोतल्या पॅटी विक्रेत्यांना सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितले, की ‘बीफ पॅटी’ हे नाव वापरता येणार नाही. नियमानुसार ‘बीफ पॅटी’ म्हणजे बर्गरमध्ये घालतात ती फक्त मांसाची टिकली. पीठ गुंडाळलेल्या पदार्थाला ते नाव देणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल. नाव बदला, नाही तर दंड भरा. छोट्या दुकानदारांसाठी पाट्या, वेष्टने आणि मेन्यू नव्याने छापणे हाच मोठा भुर्दंड होता. पण चीड खर्चापेक्षा वेगळ्या गोष्टीची होती. आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्याला पॅटी म्हणतो त्याला काय म्हणायचे, हे दुसऱ्या कुणी का ठरवावे? विक्रेत्यांनी नकार दिला, वृत्तपत्रांनी बातमी उचलली आणि ‘जमैकन पॅटी’ या नावावर तडजोड झाली. २३ फेब्रुवारी हा दिवस टोरांटोत पॅटी दिवस म्हणून ओळखला जाऊ लागला.

ही दुकाने ज्या भागात दाटीने होती, त्या एग्लिंटन अव्हेन्यूवरच्या ‘लिटिल जमैका’ला पुढे वेगळ्याच संकटाने गाठले. २०११ मध्ये तिथे जलद रेल्वेमार्गाचे काम सुरू झाले. ते २०२० मध्ये संपायचे होते, पण वर्षानुवर्षे रखडले. रस्ता खोदलेला, पार्किंग नाही, दुकानासमोर पत्र्याचे कुंपण. गिऱ्हाईक आटले आणि अनेकांनी शटर कायमचे खाली ओढले. मेट्रोच्या बॅरिकेडमागे दुकान चालवलेल्या पुण्या-मुंबईतल्या व्यापाऱ्यांना हे चित्र नवे नाही.

कॅरेबियन आणि मध्य अमेरिका यांचा एकमेकांशी संबंध काय?

ॲपवाल्यांनी दोघांना एका खणात टाकले, ते अगदीच निराधार नाही. कोस्टा रिकाच्या पूर्व किनाऱ्यावर लिमोन नावाचे बंदर आहे. १८७० च्या दशकात तिथे रेल्वे बांधायला आणि नंतर केळीच्या मळ्यांवर राबायला जमैकाहून मजूर आणले गेले. देशाच्या इतर भागात भात आणि घेवडा परतून ‘गायो पिंतो’ करतात. लिमोनमध्ये मात्र तोच भात-घेवडा नारळाच्या दुधात शिजतो आणि स्पॅनिश बोलणारे लोकही त्याला इंग्रजीतच ‘राइस अँड बीन्स’ म्हणतात. जमैकाची पॅटी तिथे ‘पाती’ झाली.

होंडुरास, ग्वाटेमाला आणि बेलीझच्या किनाऱ्यावरचे गरिफुना लोक तर मूळचे सेंट व्हिन्सेंट बेटावरचे. ब्रिटिशांनी १७९७ मध्ये त्यांना जहाजांत भरून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडले. कुटलेली केळी आणि नारळाच्या दुधातले मासे हे त्यांचे जेवण न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आजही मिळते. कोकणी जेवणाची आठवण काढणाऱ्यांनी ते जरूर शोधावे.

पुपुसा म्हणजे मक्याची भाकरीच का?

थापण्याची पद्धत पाहिली तर हो. पिठाचा गोळा हातात घेऊन खळगा करायचा, सारण भरायचे, तोंड बंद करून दोन्ही तळहातांत टप-टप थापायचे आणि तव्यावर टाकायचे. पीठ मात्र वेगळे. आपल्याकडे मक्याची भाकरी थापताना गरम पाणी घेतले तरी कडा चिरतात. पुपुसा चिरत नाही, याचे उत्तर चुन्यात आहे.

अख्खे मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात. चुन्यामुळे दाण्याचे कडक साल सुटते आणि ते धुऊन टाकले जाते. ओले दाणे दळले की चिकट, मळता येणारे पीठ मिळते. दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला नीट मिळत नाही, चुन्याच्या प्रक्रियेने ते मोकळे होते. मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतल्या लोकांना ही युक्ती हजारो वर्षांपासून ठाऊक होती. युरोपीय लोकांनी मका नेला, पण चुना तिथेच ठेवला. परिणामी इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा आजार पसरला. घरी पुपुसा करून पाहणाऱ्यांनी म्हणूनच साधे मक्याचे पीठ न घेता ‘मासा हरिना’ असे लिहिलेले पाकीट घ्यावे.

पुपुसासोबत ‘कुर्तीदो’ म्हणजे कोबी-गाजराची आंबट कोशिंबीर आणि टोमॅटोची पातळ साल्सा येते. काटा-चमचा मागू नये, हाताने खायची वस्तू आहे. एल साल्वाडोरच्या संसदेने २००५ मध्ये तिला राष्ट्रीय पदार्थ जाहीर केले आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार तिच्या नावे राखून ठेवला.

शाकाहारी व्यक्तीने काय विचारून घ्यावे?

पुपुसेरियात ‘रेव्हुएल्ता’ मागवू नये. त्यात चीज आणि घेवड्याबरोबर डुकराचे वाटलेले मांस असते. ‘फ्रिहोल कोन केसो’ म्हणजे घेवडा-चीज, आणि ‘केसो कोन लोरोको’ म्हणजे एका वेलीच्या कळ्या घातलेले चीज, हे दोन सुरक्षित पर्याय. तरीही घेवडा ‘मान्तेका’त, म्हणजे चरबीत, परतला आहे का ते विचारावे. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण चरबीला तिथे कुणी मांस समजत नाही. जमैकन हॉटेलात ‘राइस अँड पीज’चेही तसेच. त्यातले ‘पीज’ म्हणजे वाटाणे नव्हेत, बहुधा राजमा असतो, आणि काही ठिकाणी चवीला खारवलेले मांस घालतात. सगळ्यात सोपी सोय त्रिनिदादी दुकानात होते. तिथे चना-आलू किंवा भोपळ्याची रोटी नेहमीचीच असते.

पुपुसाची दुकाने अमेरिकेत इतकी का वाढली?

एल साल्वाडोरमध्ये १९८० ते १९९२ या काळात यादवी युद्ध झाले. सुमारे ७५ हजार लोक मारले गेले. सरकारी सैन्याला अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रे मिळत होती आणि त्या युद्धातून सुटलेले लोक आश्रयाला अमेरिकेतच गेले. लॉस एंजेलिसमधला पिको-युनियन परिसर आणि वॉशिंग्टनमधला माउंट प्लेझंट ही त्यांची मोठी ठिकाणे झाली. घरच्या ओट्यावर पुपुसा थापून विकणे हा भांडवलाशिवाय सुरू होणारा धंदा होता. अनेक दुकाने तिथूनच उभी राहिली.

२००१ मध्ये त्या देशात दोन मोठे भूकंप झाले. त्यानंतर अमेरिकेने तिथल्या नागरिकांना ‘तात्पुरते संरक्षण’ हा दर्जा दिला. यात राहण्याची आणि काम करण्याची परवानगी मिळते, कायमचे नागरिकत्व मिळत नाही. ‘तात्पुरता’ दर्जा तेव्हापासून पुन्हा पुन्हा वाढवला जात आहे. एच-१बी व्हिसाच्या मुदतवाढीकडे डोळे लावून बसणाऱ्या मराठी इंजिनीअरला ही धाकधूक कळेल. फरक असा, की यातल्या अनेकांनी या काळात दुकान थाटले, घर घेतले आणि त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुले आता कॉलेजात आहेत. होंडुरास आणि निकाराग्वाच्या लोकांना १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर मिळालेला असाच दर्जा काढून घेण्याची घोषणा अमेरिकी सरकारने २०२५ मध्ये केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. एल साल्वाडोरच्या सुमारे २ लाख ३२ हजार लोकांना जानेवारी २०२५ मध्ये १८ महिन्यांची मुदतवाढ जाहीर झाली. ती ९ सप्टेंबर २०२६ पर्यंतची आहे.