माझी दाढ ऑनलाइन!

दिवाळीत खामगावला घरी गेले आणि चकली खाताना दाढेने दगा दिला. तिथल्या दवाखान्यात फायलींचं कपाटच नाही, टेबलावर नुसता कॉम्प्युटर! मी पुणेरी नाक मुरडलंच. डॉक्टरांनी स्क्रीनवरच्या ३२ दातांपैकी '४६'वर क्लिक केलं. म्हणजे खालची उजवी पहिली दाढ. एक्स-रे, रूट कॅनॉलची मिलिमीटरमधली लांबी, सगळं तिथंच नोंदलं. अ‍ॅमॉक्सिसिलिन टाइप केलं, तोच लाल सूचना: पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. अहो, फॉर्ममध्ये मीच भरलेली आणि मीच विसरलेली!

सुट्टी संपली, काम अर्धं. उरलेलं सिटिंग पुण्यात, पण नोंदी ईमेलने माझ्याआधी पोचल्या. जुना एक्स-रे पुन्हा काढावा लागला नाही. (२०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या १४ आकडी 'आभा' नंबरला अशा नोंदी जोडता येतात. मी आता काढलाय.) पुण्यातल्या रिसेप्शनिस्टने मात्र विचारलंच, "मॅडम, फाइल आणलीय का?"