आंतरपृष्ठावरील रासायनिक बंधांची निश्चिती
दोन भिन्न पदार्थ जेथे एकमेकांस भिडतात, त्या आंतरपृष्ठावर कोणता अणू कोणत्या अणूशी बांधला गेला आहे, हे अणुस्तरीय सदृशीकरणावरून (अणूंच्या हालचाली संगणकाने गणून काढण्याच्या पद्धतीवरून) ठरविणे. अशा गणनेतून अणूंची स्थाने, त्यांवरील प्रेरणा व ऊर्जा मिळतात; बंध मात्र निकष लावून ओळखावा लागतो.

सिलिकॉन व सिलिकॉन डाय-ऑक्साइड यांमधील आंतरपृष्ठ हे याचे विशेष अभ्यासिलेले उदाहरण होय. सर्वांत सोपा निकष अंतराचा. सिलिकॉन–सिलिकॉन बंधाची लांबी ०.२३५ नॅनोमीटर, तर सिलिकॉन–ऑक्सिजन बंधाची सुमारे ०.१६१ नॅनोमीटर असते. पदार्थाच्या अंतर्भागात हा निकष पुरतो. आंतरपृष्ठावर मात्र स्फटिकाची जालकरचना व अस्फटिकी ऑक्साइड यांची मोजमापे जुळत नाहीत. बंध ताणले जातात, त्यांमधील कोन बदलतात. ०.२७ नॅनोमीटर अंतरावरील दोन सिलिकॉन अणूंमध्ये ताणलेला बंध आहे, की दोन तुटके, ‘लोंबते’ बंध आहेत, याचा निर्णय केवळ अंतरावरून होत नाही. शिवाय उष्णतेच्या कंपनांमुळे अणू ठरविलेली मर्यादा वारंवार ओलांडतात.

लोंबते बंध विद्युत् भार अडकवून ट्रँझिस्टराचे कार्य बिघडवितात, म्हणून ही चूक क्षुल्लक नव्हे. सिलिकॉनाच्या (१००) पृष्ठावर दर चौ. सेंमी. मध्ये सुमारे ६८० लक्ष कोटी अणू असतात. हायड्रोजनाची प्रक्रिया न केलेल्या आंतरपृष्ठावर लोंबते बंध सुमारे एक लक्ष कोटी, म्हणजे सातशे अणूंमागे एखादा, इतके विरळ असतात. आंतरपृष्ठावर १६ सिलिकॉन अणू असलेल्या प्रतिकृतीत एकच बंध चुकून तुटका गणला गेला, तरी त्यांची घनता प्रत्यक्षाच्या सुमारे चाळीसपट ठरते.

म्हणून पुंजयामिकीय गणनेतून मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वाटणीचा आधार घेतात. ए. डी. बेके व के. ई. एजकोंब यांनी १९९० मध्ये मांडलेल्या इलेक्ट्रॉन स्थानिकीकरण फलनाचे मूल्य ० ते १ या दरम्यान असते. सहसंयुजी बंधात ते दोन अणूंच्या दरम्यान १ च्या जवळ जाते. लोंबत्या बंधात त्याची उच्च मूल्ये एकाच अणूच्या एका अंगास आढळतात. याउलट, काही अनुभवाधिष्ठित सूत्रांत बंधाची कोटी अंतरावरूनच काढलेली असते. तेथे आढळलेला बंध हा बव्हंशी मूळ गृहीतकाचाच पडसाद होय.

प्रयोगाशी पडताळा घेण्याचा एक मार्ग क्ष-किरण प्रकाशीय इलेक्ट्रॉन वर्णपटाचा. लगतच्या प्रत्येक ऑक्सिजन अणूगणिक सिलिकॉनाची वर्णरेषा सुमारे १ इलेक्ट्रॉन व्होल्टने सरकते. पास्क्वारेल्लो, हायबर्ट्सन व कार यांच्या १९९५ मधील गणनेतही हे स्थलांतर ऑक्सिजन अणूंच्या संख्येच्या प्रमाणात आढळले. प्रतिकृतीत मोजलेले शेजारी या वर्णपटाशी जुळले नाहीत, तर निकष किंवा प्रतिकृती यांपैकी एक बदलावे लागते.