आपला जिल्हा, त्याचे चौदा तालुके आणि डोकी मोजण्याचे काम



ऊसनोंदीच्या फॉर्मवर सर्वांत वर तीन रकाने असतात: गाव, तालुका, जिल्हा. आपण ते सवयीने भरतो आणि खालच्या क्षेत्राच्या व लागण तारखेच्या रकान्याकडे वळतो. या अंकात आम्ही या वरच्या तीन रकान्यांविषयीच लिहिणार आहोत. कारण देशाची पुढची जनगणना २०२७ साली व्हावयाची ठरली आहे, तिचा मुख्य टप्पा ऐन गळिताच्या हंगामात येतो आणि त्यात आपले काही काम आहे.

आधी जिल्ह्याचा आकार ध्यानात घेऊ. आपला जिल्हा, ज्याचे नाव २०२४ साली अहमदनगर बदलून अहिल्यानगर झाले, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला आहे. क्षेत्र १७,०४८ चौरस किलोमीटर. पेशवाई संपल्यावर १८१८ नंतर इंग्रजांनी येथे कलेक्टर बसविला तेव्हा त्याचा पसारा याहून मोठा होता. १८६९ साली नाशिक जिल्हा वेगळा झाला, त्यात इकडचीही गावे गेली.

आज तालुके चौदा आहेत. अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी आणि नेवासा ही उत्तरेकडील बाजू. नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि शेवगाव ही दक्षिणेकडील. १९९१ च्या जनगणनेत तालुके तेराच होते. राहाता नंतर झाला. शिर्डी पूर्वी कोपरगाव तालुक्यात होते, लोणी श्रीरामपूर तालुक्यात होते, आज दोन्ही राहात्यात आहेत. जुन्या दस्तावर जुना तालुका आणि नव्या उताऱ्यावर नवा, यामुळे शेतकी खात्यात अजून कधीकधी घोळ होतो, तो याचमुळे.

जमीन तेवढीच, माणसे दुप्पट

१९७१ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख ६९ हजार होती. १९९१ ला ३३ लाख ७२ हजार ९३५, २००१ ला ४० लाख ४० हजार ६४२ आणि २०११ ला ४५ लाख ४३ हजार १५९. म्हणजे चाळीस वर्षांत बरोबर दुप्पट. १९७१ ला एका चौरस किलोमीटरवर १३३ माणसे होती, २०११ ला २६६ झाली. जमीन मात्र इंचभरही वाढली नाही.

या आकड्याचा अर्थ आम्हांला ऊसनोंदीच्या रजिस्टरात दिसतो. आजोबांच्या नावावर जो एक गट होता त्याचे आता चार उतारे झाले. विहीर एक, पाइपलाइन एक, पण खातेदार चार. अशा ठिकाणी एकाची लागण आडसाली, दुसऱ्याची सुरू आणि तिसऱ्याचा खोडवा असा प्रकार झाला की तोडीचा कार्यक्रम बसविणे जड जाते. भावाभावांनी एकत्र बसून एकाच महिन्यात लागण धरली तर गाडी एकदाच बांधावर येईल आणि ऊस वेळेवर जाईल, हे आम्ही मागेही सांगितले आहे.

लोकसंख्येची विभागणीही सारखी नाही. सर्वांत मोठा आकडा नगर तालुक्याचा, कारण शहर त्यात आहे. त्याखालोखाल संगमनेर. सर्वांत लहान जामखेड, २०११ ला दीड लाखाच्या थोडा वर. २०११ साली जिल्ह्यातील दर शंभरातील ऐंशी माणसे खेड्यांत राहत होती.

एका गावाचे चार नकाशे

गाव एकच असते, पण सरकारदरबारी त्याची मांडणी वेगवेगळी असते. ती नीट समजली तर हेलपाटे वाचतात.

पहिली मांडणी महसुलाची. गाव, त्यावर तलाठ्याचा सजा (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), त्यावर मंडळ म्हणजे आपण ज्याला सर्कल म्हणतो ते, त्यावर तालुका, मग प्रांताचा उपविभाग आणि शेवटी जिल्हा. यातील मंडळाकडे सभासदांचे लक्ष कमी असते. पण पाऊस मोजण्याची स्वयंचलित केंद्रे मंडळवार आहेत. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर तो अतिवृष्टीत धरतात आणि पुढचे पंचनामे त्यावर हलतात. तेव्हा आपले गाव कोणत्या मंडळात आहे हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे.

दुसरी मांडणी पंचायतीची. ग्रामपंचायत, पंचायत समितीचा गण आणि जिल्हा परिषदेचा गट. दोन गण मिळून एक गट होतो. ही रचना १ मे १९६२ पासून चालू आहे आणि ती पूर्णपणे डोक्यांच्या संख्येवर उभी आहे. दीड हजारापर्यंत वस्ती असेल तर ग्रामपंचायतीत सात सदस्य, तीन हजारापर्यंत नऊ, असे चढत साडेसात हजाराच्या वर सतरा. वित्त आयोगाचा निधी वाटतानाही लोकसंख्येला मोठे वजन असते.

तिसरी मांडणी पाटबंधारे खात्याची, ती कालव्याच्या चारीप्रमाणे चालते आणि तालुक्याची शीव मानीत नाही. चौथी आपल्या कारखान्याची, गट ऑफिसप्रमाणे. आपला कारखान्याचा गट, जिल्हा परिषदेचा गट आणि उताऱ्यावरचा गट नंबर हे तीन वेगळे आहेत. फॉर्म भरताना त्यांची गल्लत होऊ देऊ नये. तसेच बुद्रुक आणि खुर्द. लोणी बुद्रुक आणि लोणी खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत. नुसते ‘लोणी’ लिहिले तर कारकुनाने काय समजावे?

फेब्रुवारीत माणसे कुठे असतात?

आता मुख्य मुद्दा. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे लांबली. त्यामुळे निधीचे आणि सदस्यसंख्येचे हिशेब २०११ च्या आकड्यांवरच चालत राहिले. नव्या जनगणनेचा पहिला टप्पा म्हणजे घरयादी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात आणि प्रत्यक्ष माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, असे सरकारने जाहीर केले. १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा हिशेबाचा क्षण धरला आहे.

फेब्रुवारी म्हणजे गळीत जोरात चालू. आपल्या जिल्ह्याचे यात दोन भाग पडतात. भंडारदऱ्याचे धरण १९२६ ला पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहिले आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. पुढे प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला आणि या बाजूची चिमणी पेटली. पूर्वेकडच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडला ते पाणी नाही. तिथली माणसे, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूरकडची माणसे, दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्यात परततात.

२०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली होती. त्या वेळची रीत अशी: माणूस त्या दिवसांत थोडा वेळ जरी स्वतःच्या घरी असेल तर घरी मोजायचा, आणि सगळे दिवस बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे मोजायचा. रीत सरळ आहे. पण तोडणीच्या जोडप्याला लावून पाहा. गावी म्हातारे आईबाप आहेत, त्यांची नोंद होते. मुलगा-सून महिनाभर घरी नाहीत, म्हणून ती दोघे तिथल्या यादीत येत नाहीत. इकडे ती आपल्या शेताच्या कडेला कोपीत आहेत. पहाटे चारला फडात जातात, दिवस मावळल्यावर येतात. मोजणारा गुरुजी दुपारी गावातून फिरून गेला आणि कोपीकडे वळलाच नाही, तर ती दोघे आणि त्यांची पोरे कुठेच मोजली जात नाहीत. देशाच्या खात्यातून ती माणसे गळाली.

आणि मोजली गेली तरी ती आपल्या गावच्या आकड्यात पडतात. उन्हाळ्यात ज्या गावी ती पाणी मागणार, दवाखाना मागणार, त्या गावचा आकडा तेवढा कमी राहतो. रीत काय ठेवायची ते सरकार ठरवील. पण माणूस गळू न देणे हे आपल्या हाती आहे.

सभासदांनी काय करावे

एक, वस्तीवर राहणाऱ्यांनी आपले घर कोणत्या महसुली गावात येते हे उतारा पाहून नक्की करावे. शिवेवरच्या वस्त्या दोन्ही गावांकडून सुटतात.

दोन, आपल्या रानात किंवा रानालगत टोळी उतरली असेल तर मुकादमाकडून जोडप्यांची व लेकरांची नावे लिहून घ्यावीत. प्रगणक आले की त्यांना स्वतः कोप्यांपर्यंत न्यावे, संध्याकाळची वेळ सुचवावी. आमच्या खात्यातील चिटबॉयकडेही टोळ्यांच्या मुक्कामाची माहिती असते, ती घ्यावी.

तीन, गावी आपली नोंद झाली आहे की नाही हे टोळीतील माणसाला फोन करून विचारावयास लावावे. दोनदा नोंद नको आणि शून्यदा तर नकोच.

गाडीवर मोळी चढविताना एक उसही खाली राहू नये म्हणून आपण बांधावर उभे राहतो. तो ऊस तोडणारी माणसे यादीबाहेर राहू नयेत, एवढ्यासाठी फेब्रुवारीत एक संध्याकाळ द्यावी, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते