बेसबॉलच्या मैदानात खालच्या मजल्यावरील आसन निवडताना

अमेरिकेत मुलांकडे उन्हाळ्याचे दोन-तीन महिने काढून येणारे अनेक ज्येष्ठ ग्राहक परकीय चलनाच्या निमित्ताने आमच्या शाखेत येतात. परतल्यावर त्यांच्या बोलण्यात नायगाऱ्याच्या जोडीने बेसबॉलचा सामनाही हमखास येतो. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी मात्र कपाळाला हात लावला. “साहेब, खालच्या मजल्याचे महागडे तिकीट काढले, आणि तीन तास लोखंडी खांब पाहून आलो!”

दोष नशिबाचा नव्हता. ‘खालचा मजला’ एवढ्याच दोन शब्दांवर विसंबून पैसे मोजले, हीच चूक होती. बॉस्टनचे फेनवे पार्क १९१२ सालचे, शिकागोचे रिग्ली फील्ड १९१४ सालचे. अशा जुन्या मैदानांत वरचा भार पेलणारे खांब प्रेक्षकांच्या मधोमध उभे आहेत. तिकीट विकताना ‘दृष्टीस अडथळा’ अशी नोंद असते, ती आवर्जून पाहावी. फेनवेच्या उजव्या टोकाकडील कित्येक खुर्च्यांचे तोंड तर फलंदाजाकडे नसून मैदानाच्या मध्याकडे आहे. तेथे सामनाभर मान वळवून बसावे लागते.

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांना होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या, मागील आसने सर्वात रुचतील. साडेसाठ फुटांवरून येणारा चेंडू कसा वळतो, ते तेथूनच कळते. मात्र ही आसने सर्वात महाग. शिवाय अगदी पहिल्या रांगांतून कॅचर आणि पंच यांच्या पाठीच अधिक दिसतात. माझ्या मते दहाव्या ते विसाव्या रांगेच्या दरम्यान, होम प्लेट आणि डगआउट यांच्या मधली जागा पैशाचे खरे मोल देते. थोडी उंची मिळाल्याने चारही बेस एका दृष्टिक्षेपात येतात. फार मागेही जाऊ नये. वरच्या मजल्याचा सज्जा डोक्यावर आला की सावली मिळते खरी, पण उंच उडालेला चेंडू दिसेनासा होतो आणि धावफलकही झाकला जाऊ शकतो.

उन्हाचा विचार अनेकांना सुचत नाही. होम प्लेटकडून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, अशी खेळाच्या नियमांतच शिफारस आहे. मावळतीचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत येऊ नये, हा त्यामागील हेतू. ज्या मैदानांची रचना अशी आहे, तेथे थर्ड बेसच्या बाजूला दुपारनंतर सावली लवकर येते, तर फर्स्ट बेसकडील आणि उजव्या टोकाकडील प्रेक्षक सूर्यासमोर बसतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आई-वडिलांना दुपारच्या सामन्यास नेणाऱ्या मुलांनी आवडत्या खेळाडूच्या डगआउटपेक्षा ही गोष्ट आधी पाहावी. यजमान संघाचे डगआउट ठरावीक बाजूस नसते. बॉस्टनचे फर्स्ट बेसकडे, तर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचे थर्ड बेसकडे आहे.

दरांबाबत बँकेच्या माणसाने न बोलणे शक्य नाही! सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने २००९ मध्ये मागणीनुसार बदलत्या दरांचा प्रयोग केला आणि पुढे ती पद्धत रूढ झाली. प्रत्येक संघाचे घरच्या मैदानावर हंगामात ८१ सामने ठरलेले असतात. त्यामुळे शनिवार-रविवारचा हट्ट सोडल्यास तेच आसन बरेचदा स्वस्तात मिळते.

जाळीचा मुद्दा मात्र पैशाचा नाही. फलंदाजाच्या बॅटीवरून तिरका सुटलेला चेंडू ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने प्रेक्षकांत शिरू शकतो. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे एक लहान मुलगी अशा चेंडूने जबर जखमी झाली. २०१८ च्या हंगामापासून तीसही मैदानांत डगआउटच्या दूरच्या टोकापर्यंत जाळी आली आणि पुढे ती आणखी वाढविण्यात आली. चेंडू-बॅट लागल्यास जोखीम प्रेक्षकाची, असे तिकिटाच्या अटींत बारीक अक्षरांत असते. कर्जाच्या करारपत्रातील बारीक अक्षरांइतकीच तीही वाचली जात नाहीत.

आमच्या त्या गृहस्थांनी यंदा जाण्यापूर्वी मैदानाचा नकाशा छापून आणला होता. खिडकीपाशी उभे राहून आम्ही दोघांनी थर्ड बेसकडील, जाळीमागची अठरावी रांग नक्की केली. मागे रांगेत खोळंबलेल्या इतर ग्राहकांची क्षमा मागतो.