बर्फ नसलेल्या रस्त्यावर कोणता टायर?

डहाणू तालुक्यातील विवळवेढे हे गाव महालक्ष्मीच्या देवस्थानामुळे दूरवर माहीत आहे. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस येथे यात्रा भरते आणि मंदिराला लागूनच मुंबई-अहमदाबाद महामार्ग धावतो. या महामार्गावरून शनिवार-रविवारी जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, तर गेल्या काही वर्षांतला बदल डोळ्यांत भरतो. दोनशे-तीनशे अश्वशक्तीच्या, रुंद टायरांच्या, रस्त्याला चिकटून पळणाऱ्या गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. या गाड्यांचे मालक टायर बदलायला निघाले, की परदेशी नियतकालिकांतले आणि चित्रफितींतले शब्द दुकानापर्यंत येतात. त्यात एक शब्द हमखास असतो, विंटर टायर. युरोपात राहून परतलेले काही जण तर आग्रहाने विचारतात, ‘तिकडे हिवाळ्यात टायर बदलतात, मग इथे नको का?’

प्रश्न अगदीच निरर्थक नाही. जर्मनीत २०१० पासून बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेल्या रस्त्यावर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवणे हा गुन्हा आहे. ऑक्टोबर ते ईस्टर असा टायर बदलण्याचा हंगामच तिथल्या लोकांच्या तोंडी आहे. श्टुटगार्ट किंवा म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांच्या तळघरात टायरांचा दुसरा संच रचून ठेवलेला असतो. त्यामागे रबराचे साधे शास्त्र आहे. रबर थंडीने कडक होते. वेगवान गाड्यांच्या ‘समर’ टायरचे मिश्रण उबदार रस्त्यासाठी बनवलेले असते. पारा सात अंशांच्या आसपास किंवा खाली गेला, की ते ताठरू लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात रुतू शकत नाही. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही लवचीक राहते आणि त्याच्या नक्षीत बर्फाला धरून ठेवणाऱ्या असंख्य बारीक चिरा असतात.

आता डहाणू-तलासरीकडे पाहू. जानेवारीच्या पहाटेही इथला पारा सहसा दोन आकडीच राहतो. महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कधीमधी हिमकण दिसतात आणि त्याची बातमी होते, यातच सारे आले. अशा हवेत हिवाळी टायर बसवणे म्हणजे एप्रिलमध्ये लोकरीचा कोट घालणे. मऊ मिश्रण तापलेल्या डांबरावर भराभर झिजते, नक्षीचे उंच ठोकळे वळणावर आणि ब्रेक लावताना वाकतात, गाडी लुळी वाटते आणि थांबायला जास्त अंतर घेते. ताकदवान गाडीत हे दोष दुपटीने जाणवतात. हाच महामार्ग पुढे दिल्लीपर्यंत जातो आणि डिसेंबर-जानेवारीत तिथली पहाट चार-पाच अंशांची असू शकते, हे खरे. पण त्यासाठी चार टायर बदलण्यापेक्षा पहिले काही किलोमीटर सबुरीने चालवणे आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणे पुरते. काश्मीर किंवा मनालीत हिवाळ्यात गाडी नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह शोधावे. नुसते ‘एम अँड एस’ लिहिलेले पुरत नाही. ते अक्षर आपल्याकडच्या कित्येक एसयूव्हींच्या टायरांवर असते आणि ते नक्षीबद्दलचा उत्पादकाचा दावा सांगते, बर्फावरची परीक्षा नव्हे.

मग आपल्याकडे टायरच्या पकडीची कसोटी पाहणारा ऋतू कोणता? पावसाळा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या पट्ट्यात दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पहिल्या सरींत रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि रबराची भुकटी यांचा चिकट लेप तयार होतो. नंतरच्या मुसळधारेत प्रश्न पाण्याच्या थराचा असतो.

थोडे गणित करून पाहू. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे, टायर २०५ मिलिमीटर रुंद आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे. अशा वेळी त्या एका टायरला दर सेकंदाला साडेतेरा लिटर पाणी बाजूला सारावे लागते, म्हणजे जवळपास एक बादली. ताशी १०० किलोमीटरला हाच आकडा १७ लिटर होतो. टायर २४५ मिलिमीटर रुंद असेल, तर २० लिटरच्या वर जातो. हे पाणी जाण्याची वाट एकच, टायरच्या खाचा. त्या उथळ झाल्या, की पाणी टायरच्या पुढे साचते, पाचरीसारखे खाली घुसते आणि टायर रस्त्यावरून उचलला जातो. स्टिअरिंग अचानक हलके लागते आणि ब्रेक दाबूनही काही होत नाही. विमानांच्या चाकांवर काम करताना नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये या वेगाचा एक ठोकताळा मांडला. त्यात मुख्य घटक टायरमधील हवेचा दाब आहे. ३३ पीएसआय दाबाला साधारण ताशी ९६ किलोमीटर, पण हवा २५ वर उतरली असेल तर ८३. चांगल्या खाचांचा टायर याहून तग धरतो, पण झिजून गोटा झालेल्या टायरला हे आकडे बऱ्यापैकी लागू पडतात.

यातून वेगवान गाड्यांच्या मालकांना न आवडणारी एक गोष्ट निघते. कोरड्या रस्त्यावर रुबाब आणि पकड देणारा रुंद टायर पाण्यात आधी तरंगतो. कंपनीने दिलेल्या मापाहून रुंद टायर बसवण्याची हौस जुलैत महागात पडू शकते. शर्यतीसाठी बनवलेले, जेमतेम खाचा असलेले टायर तर या महामार्गावर पावसाळ्यात आणूच नयेत. ते कोरड्या ट्रॅकवर शोभतात.

उलट, ‘समर’ या नावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. नाव युरोपातले आहे. तिथल्या उन्हाळ्यातही पाऊस पडतो, आणि तोही उबदार हवेतला. चांगल्या समर टायरच्या मिश्रणात सिलिका असते. मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिकाचा मोठा वापर असलेला ‘ग्रीन टायर’ आणला. रोलिंगचा विरोध कमी आणि ओल्या रस्त्यावरची पकड चांगली, या एरवी एकमेकींशी भांडणाऱ्या गोष्टी त्यामुळे एकत्र नांदू लागल्या. पंचवीस-तीस अंशांच्या पावसात ओल्या पकडीसाठी नावाजलेला, खोल खाचांचा समर टायर हीच आपल्याकडच्या ताकदवान गाडीची योग्य निवड ठरते. ‘ऑल सीझन’ टायर वाईट नसतो, पण त्याच्या तडजोडीतला अर्धा भाग आपल्याकडे न येणाऱ्या बर्फासाठी केलेला असतो.

टायर हा आरोग्याचा विषय कसा, असे कोणाला वाटेल. विवळवेढ्यापासून जवळच चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. त्या अपघातानंतर चर्चा झाली ती मागच्या सीटवर न लावलेल्या पट्ट्यांची आणि पुलापाशी अरुंद होणाऱ्या मार्गाची, टायरची नव्हे, आणि ती योग्यच होती. पण त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीतला एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि धडकताना ८९. शरीराला बसणारा मार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे अकरा किलोमीटरची ही घट म्हणजे धडकेच्या ऊर्जेत सुमारे एकवीस टक्क्यांची घट. मेंदू, यकृत, छातीतली महाधमनी या अवयवांच्या दृष्टीने असा एकेक टक्का मोलाचा असतो.

ब्रेक कितीही महागडे असले, तरी ते फक्त चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो तळहाताएवढा रबराचा तुकडा. उदाहरणादाखल दोन सारख्या गाड्या ओल्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने शेजारी शेजारी चालल्या आहेत असे धरू. एकीच्या टायरचा घर्षण गुणांक ०.७ आणि झिजलेल्या दुसरीचा ०.५. एकाच क्षणी ब्रेक लागले, तर पहिली ५६ मीटरवर थांबेल. त्याच जागी दुसरी अजून ताशी ५४ किलोमीटरने पुढे चाललेली असेल आणि तिला थांबायला एकूण ७९ मीटर लागतील. मधल्या त्या तेवीस मीटरांत महामार्ग ओलांडणारी पाडयावरची एखादी बाई असू शकते किंवा उलट्या बाजूने येणारा दुचाकीस्वार. तिथे डोक्याला गंभीर मार बसला तर जवळ कासा आणि डहाणूची उपजिल्हा रुग्णालये आहेत. त्यापुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला बहुधा वापी, सिल्वासा, वलसाड किंवा मुंबई गाठावी लागते, आणि मुंबई इथून शंभर किलोमीटरहून दूर आहे.

कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी रबराची छोटी आडवी उंचवटी असतात आणि टायरच्या कडेवरचा त्रिकोण त्यांची जागा दाखवतो. नक्षी या उंचवट्यांशी समपातळीत आली, की टायर संपला. मात्र ही कायद्याची शेवटची पायरी आहे. ब्रिटनमधील मायरा या संस्थेच्या चाचण्यांत नव्या टायरच्या तुलनेत १.६ मिलिमीटरवर आलेल्या टायरला ओल्या रस्त्यावर थांबायला एक तृतीयांशाहून जास्त अंतर लागले, आणि गुळगुळीत काँक्रीटवर हा फरक आणखी वाढला. त्यामुळे वेगवान गाडीसाठी तीन मिलिमीटर उरले की मे महिन्यातच टायर बदलावेत. पावसाळा संपल्यावर ‘थोडे अजून चालतील’ म्हणायला हरकत नाही, पावसाळ्याआधी आहे. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि ते बहुतेकांना सावरता येते. मागची सुटली तर ती गरकन फिरते.

हवा टायर थंड असताना, दर पंधरवड्याला तपासावी. तापमानातल्या दर दहा अंशांच्या फरकाने दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो. एप्रिलच्या दुपारी शंभर किलोमीटर चालवून आल्यावर दाखवणारा आकडा पाहून हवा काढणारे काही कमी नाहीत. तसे केले की दुसऱ्या सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो.

हौसेच्या गाड्यांचा एक खास रोग आहे. त्या आठवड्यातून एकदा बाहेर पडतात, त्यामुळे खाचा नव्यासारख्या दिसतात, पण रबर उष्णतेने आणि ओझोनने कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि खाचा कितीही शिल्लक असल्या तरी दहा वर्षांनी निवृत्ती, असा अनेक उत्पादकांचा सल्ला आहे. आपल्याकडच्या उन्हात दहाची वाट पाहू नये. दुकानात नवा म्हणून मिळणारा टायरही गोदामात दोन-तीन वर्षे पडलेला असू शकतो, म्हणून हे चार आकडे टायर रिमवर चढवण्याआधी वाचावेत. एकदा चढला की दुकानदार तो परत घेत नाही.